आधी बोटे हलवून पाहा : हातापायांच्या दुखापतींविषयी वाचकांचे प्रश्न

हातापायांच्या दुखापतींविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, ती म्हणजे जवळजवळ प्रत्येक पत्रात 'शीर' हा शब्द आहे. कोणाच्या शिरेवर शीर चढली आहे, कोणाची शीर दबली आहे, तर कोणाची आखडली आहे. आपल्या बोलीत रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात, स्नायूच्या दोरीसारख्या टोकालाही म्हणतात आणि मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेणाऱ्या चेतातंतूलाही म्हणतात. बोलण्यापुरते हे चालते, पण उपचाराच्या वेळी घात होतो, कारण ताणलेला स्नायू चार दिवस थांबू शकतो, सांध्याला बांधून ठेवणारा अस्थिबंध काही आठवडे सांभाळून घेतो, मात्र दबलेला किंवा तुटलेला चेतातंतू आणि रक्तपुरवठा तुटलेला स्नायू थांबत नाहीत.

दुखापत झाली की घरातल्या सगळ्यांचे लक्ष 'किती दुखते' आणि 'किती सुजले' याकडे जाते. ते स्वाभाविक आहे. पण माझ्या दृष्टीने त्याआधी विचारायचे प्रश्न दोनच आहेत : दुखापतीच्या पलीकडची बोटे हलतात का, आणि त्यांना स्पर्श कळतो का? खालच्या पत्रांपैकी बहुतेकांत कोणीतरी हे दोन प्रश्न वेळेवर विचारायला हवे होते.

प्रश्न : माझा पुतण्या सात वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडला आणि त्याचे कोपर खूप सुजले. जवळच्या गावातील हाडवैद्याने त्याच दिवशी बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट बांधला. पोर रात्रभर रडत होते, पण 'हाड बसताना दुखणारच' असे सांगितल्यामुळे आम्ही पट्टी सोडली नाही. आठ दिवसांनी सोडली तेव्हा बोटे आखडलेली होती. आता तो नऊ वर्षांचा आहे. मनगट खाली वाकवले की बोटे उघडतात, मनगट सरळ केले की पुन्हा मिटतात. ही शीर आखडली आहे का? मालिश केल्याने सुटेल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : मनगट वाकवल्यावर बोटे उघडतात आणि सरळ केल्यावर मिटतात, हे आपण फार अचूक टिपले आहे. त्या एका निरीक्षणावरून निदानाचा बराचसा अंदाज येतो. बोटे मिटवणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. हे स्नायू मेले, की त्यांच्या जागी न ताणला जाणारा, चिवट धागा तयार होतो आणि सगळी दोरीच आखूड पडते. मनगट वाकवले की आखूड दोरीला थोडी सैल मिळते म्हणून बोटे उघडतात. मनगट सरळ केले की ती सैल संपते आणि बोटे ओढली जातात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये घट्ट बांधलेल्या हातांवर लिहिताना हीच अवस्था वर्णिली होती, म्हणून आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ज्या गोष्टीचे कारण जगाला इतक्या वर्षांपासून माहीत आहे, तिच्यामुळे आजही एखाद्या मुलाचा हात जावा, याचे मला मनापासून दुःख होते.

घडले असेल ते असे. साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात मूल हातावर पडले, की दंडाचे हाड कोपराच्या थोडे वर मोडते. मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगांत हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. मोडलेल्या हाडाच्या टोकाजवळूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि चेतातंतू जातात. आत सूज वाढत असताना बाहेरून घट्ट पट्टी बांधली, तर सुजेला पसरायला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंतील बारीक केशवाहिन्या दबून बंद होतात. असे साधारण सहा तास चालले, तर स्नायूचे कायमचे नुकसान होऊ लागते. मनगटावरची नाडी मात्र या काळातही लागू शकते, त्यामुळे 'नाडी चालू आहे' एवढ्यावर कोणी निश्चिंत होऊ नये.

आपला पुतण्या रात्रभर रडत होता, ती खरी खूण होती. हाड आधाराला लागले की वेदना तासागणिक कमी व्हायला हवी. ती वाढतच राहिली, औषधाने शमेना, आणि मिटलेली बोटे दुसऱ्याने हळूच सरळ करताच मूल किंचाळले, तर पट्टी, कापूस, प्लास्टर, जे काही असेल ते कातडीपर्यंत पूर्ण सोडले पाहिजे आणि त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठले पाहिजे. रुग्णालयात घातलेल्या प्लास्टरखालीही हे होऊ शकते, त्यामुळे हा नियम हाडवैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सारखाच लागू आहे. अशा वेळी हात उंच टांगू नये, छातीच्या पातळीवर ठेवावा. उंच केल्याने आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो.

लहान मुलांना 'स्पर्श कळतो का' असे विचारून उपयोग नसतो. त्यांच्याशी मी दगड-कागद-कात्रीचा खेळ खेळतो. मूठ वळता आली, पंजा उघडता आला आणि कात्रीची दोन बोटे फाकवता आली, तर हाताच्या तिन्ही मोठ्या चेतातंतूंची स्थूलमानाने पाहणी होते. शेवटी अंगठा आणि पहिले बोट जुळवून गोल करायला सांगतो. या अस्थिभंगात नेमका तोच गोल न जमणे बरेचदा आढळते. हा खेळ आई-वडिलांना घरीही घेता येतो, आणि पट्टी बांधल्यानंतर पहिले दोन दिवस तो दर काही तासांनी घ्यावा.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मालिशने हे सुटणार नाही. पुतण्याला हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञांकडे, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. मूल जगलेल्या स्नायूंवर किती काम करू शकते ते पाहून हळूहळू ताण देणाऱ्या पट्ट्या, आखडलेले स्नायू त्यांच्या मुळापासून सोडवून खाली सरकवणे, किंवा चांगल्या स्थितीतील दुसऱ्या स्नायूची दोरी बोटांना जोडणे असे मार्ग असतात. हात पूर्ववत होईल असे मी म्हणणार नाही. पण पेन धरणारा, ताट उचलणारा, शर्टाचे बटण लावणारा हात मिळण्याची आशा ठेवायला जागा आहे, आणि नऊ हे त्यासाठी उशिराचे वय नाही.

मालिशचा विषय निघालाच आहे म्हणून कोपराविषयी आणखी एक सांगतो. दुखापत झालेले कोपर चोळू नये आणि जोर लावून सरळ करू नये. चोळल्याने आतील रक्ताच्या गाठीत आणि फाटलेल्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागते आणि सांधा जागीच थिजतो. तेल कोणते वापरले याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. कोपराची हालचाल मुलाने स्वतःच्या बळाने, खेळता खेळता परत आणायची असते.

प्रश्न : मी शेतमजूर आहे. पौषात सलग आठ-दहा दिवस कांदा लागवडीला जात होते, दिवसभर उकिडवे बसावे लागते. एके संध्याकाळी घरी परतताना उजव्या पायातली चप्पल सारखी निसटू लागली. दुसऱ्या दिवसापासून पाऊल वर उचलत नाही, चालताना फटकन आपटते. दुखत काहीच नाही, पावलाची वरची बाजू मात्र बधिर वाटते. कोणी अर्धांगवायू म्हणते, कोणी कमरेची शीर दबली म्हणते. (एक वाचक भगिनी, येवला तालुका)

उत्तर : ताई, दुखत नाही म्हणून आपण थांबला नाहीत आणि पत्र लिहिलेत, हे फार बरे केलेत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने चाचपून पाहिल्यास हाडाचा एक लहान गोल उंचवटा लागतो. त्याच्या खालच्या अरुंद भागाला वळसा घालून एक चेतातंतू पुढे जातो. तेथे त्याच्यावर कातडीखेरीज फारसे आच्छादन नसते. पाऊल आणि बोटे वर उचलण्याचे काम हाच चेतातंतू करवतो. तासन्‌तास उकिडवे बसल्यावर गुडघा पूर्ण दुमडतो आणि हा तंतू हाड व ताणलेले स्नायू यांच्यामध्ये दाबला जातो. परदेशांत स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या मजुरांमध्ये हा विकार पूर्वीपासून वर्णिलेला आहे; आपल्याकडे तो कांदा लागवड, भातलावणी आणि खुरपणी करणाऱ्या बायांच्या पायांत दिसतो, आणि बहुतेकदा त्याला 'वाऱ्याचा झटका' समजून भलतेच उपचार सुरू होतात.

अर्धांगवायूत सहसा हात, चेहरा किंवा बोलणे यांवरही परिणाम होतो आणि सर्व काही अचानक, काही मिनिटांत घडते. तशी शंका आली तर क्षणही न दवडता रुग्णालयात जावे. कमरेच्या मणक्यात चेतातंतू दबला असेल, तरीही पाऊल असे लुळे पडू शकते. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. खुर्चीवर बसून पाऊल आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाकडे, जोराने वळवून पाहावे. ती ताकद शाबूत असेल आणि कंबर ते पाय अशी कळ येत नसेल, तर दोष गुडघ्याजवळ असण्याची शक्यता अधिक. तीही ताकद गेली असेल, तर मणक्याची तपासणी आधी करावी लागेल. ही परीक्षा डॉक्टरांनी करावी हे उत्तम, पण आपल्याला ठाऊक असली तर आपण त्यांना विचारू शकाल.

आपल्याकडे आणखी एका कारणाचा विचार कधीही सोडू नये. कुष्ठरोगाचे जंतू याच चेतातंतूला आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या चेतातंतूला जाड करतात. अंगावर कोठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का, ते घरातल्या बाईकडून नीट पाहून घ्यावे. तसे असल्यास घाबरू नये व लपवूही नये. त्यावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, रोग पूर्ण बरा होतो आणि लवकर उपचार झाले तर पाऊलही वाचू शकते.

लागवडीचे काम सध्या पूर्ण बंद ठेवावे. मांडी घालून, पायावर पाय टाकून किंवा उकिडवे बसू नये. पाऊल काटकोनात धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती चपलेऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये घालून वापरावी, म्हणजे अडखळून पडणे टळेल. दिवसातून तीन-चार वेळा हाताने किंवा ओढणीने पाऊल वर ओढून टाचेमागची दोरी आखडू देऊ नये. नुसता दाब पडून तंतूचे आवरण दुखावले असेल, तर काही आठवड्यांत ते काम पुन्हा सुरू करते. आतले धागे तुटले असतील, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढ्या गतीने वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वा इंच, त्यामुळे काही महिने धीर धरावा लागतो. तीन आठवडे उलटल्यावर चेतातंतूंची विद्युत तपासणी करून घ्यावी, त्याआधी ती पुरेशी बोलकी नसते. तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा नसेल, तर शस्त्रक्रियेविषयी सल्ला घ्यावा लागेल.

पुढच्या हंगामात दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून चार पावले चालावे, किंवा एक गुडघा टेकून काम करून बाजू बदलत राहावे. मजुरी वाफ्यावर ठरते आणि उठले की काम मागे पडते, हे मी जाणतो. म्हणूनच ही विनंती शेतमालकांनाही आहे. मुकादमाने दर अर्ध्या तासाला सगळ्यांना एकदम उठवले, तर कोणी एकटी मागे पडणार नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयीन कबड्डी खेळाडू आहे. वर्षभरात डावा घोटा चार वेळा मुरगळला. प्रत्येक वेळी एक्स-रे चांगला आला. तेल लावून चोळून, गरम शेक घेऊन तिसऱ्या दिवशी मैदानात उतरतो. घोटा कमजोर झाला आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घोटा आतल्या बाजूला वळला की बाहेरच्या बाजूचा, पुढचा अस्थिबंध प्रथम ताणला किंवा फाटला जातो. तो एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे चांगला' याचा अर्थ हाड मोडलेले नाही एवढाच. दुखापत नाही असा नव्हे. तसे पाहता प्रत्येक वेळी एक्स-रेची गरजही नसते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचा मागचा काठ (खालचे सहा सेंटिमीटर), करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला असलेला उंचवटा आणि पावलाच्या आतल्या कडेचे, कमानीवरचे हाड, यांपैकी कोठेही बोटाने दाबल्यावर हाड दुखले, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. अन्यथा मोठ्या माणसांत अस्थिभंगाची शक्यता अगदी कमी असते.

आपली खरी अडचण दुसरीच आहे. अस्थिबंध नुसती दोरी नसते. पाऊल कोणत्या कोनात आहे याची बातमी मेंदूला देणारी सूक्ष्म टोके त्याच्यात असतात. ती दुखावली की पाऊल वाकडे पडते आहे हे मेंदूला उशिरा कळते आणि सावरायला वेळ मिळत नाही. ही जाण व्यायामानेच परत येते. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे. तीस सेकंद सहज जमू लागले की डोळे मिटून, मग दुमडलेल्या सतरंजीवर, शेवटी त्याच पायावर उभे राहून मित्राने फेकलेला चेंडू झेलत. हे सहा ते आठ आठवडे रोज करावे, जोडीला टाचा उचलण्याचा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला रबरी पट्टीविरुद्ध ढकलण्याचा व्यायाम असावा. मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणेही नको; सैलसर क्रेप बँडेज, पाय उंच आणि दुखेल तेवढेच पण चालणे. दुखऱ्या पायावर न लंगडता पळता येत नाही आणि एकाच पायाने उड्या मारता येत नाहीत, तोवर मैदानात उतरू नये. सामना महत्त्वाचा असतो हे मला मान्य आहे, पण पाचव्यांदा मुरगळताना सांध्याच्या आतील कूर्चाही दुखावली, तर खेळणेच संपेल.

प्रश्न : मी पोळीभाजी केंद्र चालवते, रोज दोनशेच्या आसपास पोळ्या लाटते. रात्री दोन-तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. मानेचे मणके झिजल्याचे सांगून मला गळ्याला पट्टा दिला आहे. सहा महिने वापरते आहे, फरक नाही. (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : आपण मध्यरात्रीचे आणि हात झटकण्याचे लिहिले आहे, त्यावरून माझे लक्ष मानेकडे न जाता मनगटाकडे जाते. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसते, तशी ती आपल्याही दिसली असेल. पण दिसणारी प्रत्येक झीज हेच दुखण्याचे कारण असते असे नाही.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूला हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेली एक जाड पट्टी, असा अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक चेतातंतू जातो. दोऱ्यांभोवती सूज आली की सर्वांत मऊ असलेला चेतातंतू दबतो. याला डॉक्टर 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. झोपेत मनगट नकळत दुमडलेले राहते, म्हणून त्रास रात्री वाढतो. आज रात्री जाग आली की दिवा लावून एक काम करा. कोणत्या बोटांना मुंग्या आहेत ते बोटागणिक पाहा. अंगठा, पहिले, मधले आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर असून करंगळी साफ मोकळी असेल, तर दोष बहुधा मनगटातच आहे. दिवसा दोन्ही हातांचे पंजे खाली सोडून पाठीला पाठ लावावी व मनगटे पूर्ण दुमडून एक मिनिट थांबावे; तेवढ्यात तशाच मुंग्या आल्या, तर शंकेला आणखी बळकटी मिळते. हात झटकून बरे न वाटणे, मान फिरवली की दंडापर्यंत कळ येणे, ही लक्षणे मात्र मानेकडे बोट दाखवतात.

मधुमेह आणि थायरॉइड या दोन्हींसाठी रक्त तपासून घ्यावे, कारण दोहोंतही हा विकार अधिक दिसतो. गरोदरपणातही तो होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. उपचाराची पहिली पायरी स्वस्त आहे : मनगट सरळ ठेवणारी पट्टी, रात्री झोपताना, किमान सहा आठवडे. कणीक मळण्यासाठी यंत्र घेता आले तर घ्यावे. लाटताना ओटा कोपराच्या थोडा खाली येईल अशी उंची ठेवावी, म्हणजे मनगट मागे मोडून त्यावर भार द्यावा लागत नाही. एवढ्याने भागले नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याने काही महिने आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत बसका दिसू लागला, किंवा टाचणी, मंगळसूत्राचा फासा अशा बारीक वस्तू हातातून सुटू लागल्या, तर मात्र इंजेक्शनांत वेळ घालवू नये. वरची पट्टी कापून बोगदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया तेवढाच भाग बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. गेलेले मांस फार उशीर झाल्यावर परत येत नाही.

प्रश्न : बॅडमिंटन खेळताना मागून कोणीतरी टाचेवर लाथ मारल्यासारखे वाटले, वळून पाहिले तर कोणी नव्हते. वय ४३. थोडे लंगडत चालता येते, सूज कमी आहे. पोटरीत उसण भरली असे समजून आठवडाभर शेकतो आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी तुटल्यावर माणसे हुबेहूब हेच सांगतात. चालता येते आणि पाऊल थोडे खाली दाबताही येते, कारण शेजारच्या दोऱ्या ते काम कसेबसे निभावतात. म्हणूनच हे निदान अनेकदा हुकते. पलंगावर पालथे पडून दोन्ही पावले काठाबाहेर लोंबती ठेवा आणि घरातल्या कोणाला पोटरी मुठीत धरून दाबायला सांगा. चांगल्या पायाचे पाऊल प्रत्येक दाबासरशी हलेल. दुखऱ्या पायाचे जागेवरच राहिले, तर दोरी तुटली आहे असे समजून आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. शस्त्रक्रिया किंवा पाऊल खाली झुकवून घातलेले प्लास्टर, दोन्ही मार्गांनी ती जुळू शकते, मात्र सुरुवात पहिल्या दोन आठवड्यांत व्हावी. उशीर झाला की तुटलेली टोके दूर सरकतात आणि मग त्यांना भेटवणे अवघड होते.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या भावाचा दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून अपघात झाला. हाड कोठेही मोडलेले नाही, पण डावा हात खांद्यापासून लुळा आहे, हातात आग होते. 'शिरेला मार आहे, वर्षभर वाट पाहा, येईल' असे सांगितले आहे. वाट पाहावी का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : अंक छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून आपल्याला पत्र मिळताच कळवले आहे. येथे उत्तर देतो ते इतर वाचकांसाठी, कारण हाच सल्ला ऐकून वर्ष दवडलेले तरुण मी पाहिले आहेत, आणि दोन महिन्यांत आले असते तर त्यांच्यासाठी जे करता आले असते, ते वर्षाने करता आले नाही.

मानेच्या मणक्यांजवळून चेतातंतूंची पाच मुळे निघतात, गळ्याच्या बाजूने एकमेकांत गुंफली जातात आणि काखेतून हातात उतरतात. मोटारसायकलवरून फेकले जाताना डोके एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, की या जाळ्याला जबरदस्त हिसका बसतो. हर्बर्ट सेडन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९४३ मध्ये चेतातंतूंच्या दुखापतींचे जे तीन प्रकार सांगितले, ते येथे फार उपयोगी पडतात. पहिल्यात तंतू शाबूत असतो, केवळ निरोप अडतो, आणि काही आठवड्यांत तो आपोआप सुरू होतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण बाहेरची नळी टिकते, त्यामुळे ते हळूहळू वाढत जातात. तिसऱ्यात नळीसकट सारे तुटते, आणि ते शस्त्रक्रियेविना जुळत नाही. या जाळ्यात तर मुळे थेट पाठीच्या कण्यातील रज्जूपासूनच उपटली जाऊ शकतात. हाताची आग आग होणे, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली असणे आणि डोळ्याची बाहुली लहान दिसणे, ही त्याची लक्षणे आहेत. आपल्या भावाच्या डोळ्यांकडे मुद्दाम पाहावे.

वाट पाहायची तर कशाची आणि कुठवर, हे ठरलेले असले पाहिजे. निरोप न मिळालेला स्नायू दर आठवड्याला वाळत जातो, आणि साधारण वर्ष ते दीड वर्षाने तो निरोप स्वीकारण्याच्या अवस्थेत राहत नाही. तंतू दिवसाला एक मिलिमीटर वाढतो आणि खांद्यापासून बोटांचे अंतर मोठे आहे, हा हिशेब मांडला की घाई का करावी लागते ते कळते. तीन ते सहा महिन्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ सर्वांत चांगले मिळते. त्यात सर्वांत आधी कोपर वाकवता येणे, त्यानंतर खांदा स्थिर होणे, असा क्रम धरतात, कारण घास तोंडाकडे न्यायला कोपर लागते. क्रिस्तोफ ओबेर्लँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९९४ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत करंगळीकडे जाणाऱ्या चालू चेतातंतूतील एक लहानशी जुडी काढून दंडाच्या स्नायूला जोडतात. ती जवळच जोडली जात असल्याने वाट थोडी असते. बोटे थोडीफार हलत असतील, तरच ती उपयोगी पडते.

म्हणून भावाला येत्या आठवड्यात चेतातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या केंद्रात न्यावे. जाताना अपघाताची तारीख ठळक लिहिलेला कागद, सर्व एक्स-रे आणि उपलब्ध असल्यास मानेचा एमआरआय बरोबर असावा. विद्युत तपासणी झालेली नसेल तर ती आता करता येईल. तोवर हात झोळीत ठेवावा, म्हणजे वजनाने खांदा खाली ओढला जाणार नाही, आणि दिवसातून तीन वेळा खांदा, कोपर, मनगट आणि प्रत्येक बोट दुसऱ्या हाताने पूर्ण हलवून घ्यावे. सांधे आखडले तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. हाताला स्पर्श कळत नसल्याने गरम चहाचा कप, बिडी-सिगारेट, गरम पाण्याची पिशवी यांपासून जपावे. अशा हातावरचे भाजणे माणसाला वासावरून कळते. आगीसाठी साध्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत, चेतातंतूंच्या वेदनेवर वेगळी औषधे असतात, ती भेटीच्या वेळी मागून घ्यावीत.